रेडिएटरातली हळद

"रतने, ए रतने! रस्त्यावर ही हिरवी रेघ कसली उमटतीया गं?"

पिकअपच्या मागच्या हौद्यातून अनसूयाआत्यांची हाक आली तेव्हा घाटाचं सगळ्यात अवघड वळण समोर होतं. मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा लाल पट्टीला जाऊन टेकला होता. गाडी कडेला दाबली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि उतरून मागच्या चाकाला दगड लावला. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती. खाली पुढच्या चाकांच्या मधोमध हिरवं पाणी टपटपत होतं आणि त्याचीच रेघ मागे उतारावर आधीच्या वळणापर्यंत गेली होती.

"कूलंट आहे, आत्या. रेडिएटर गळतोय."

"म्हंजी?"

"म्हंजी गाडी बसली," शेजारच्या सीटवरून उतरलेले जयसिंगभाऊजी म्हणाले. "मी सकाळीच बोललो हुतो."

गाडी बसल्याचं त्यांना वाईट वाटलं की बरं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. खोटं कशाला बोलू? कळलंय. बरंच वाटलं होतं.

जयसिंगभाऊजी माझे थोरले दीर. पिकअप माझ्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची. दिनकरराव म्हणायचे, "तुलाबी शिकवतो, कवातरी उपयोगी पडंल," आणि उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात मला गाडी फिरवायला द्यायचे. ती नुसती हौस होती. ते तापाचं निमित्त होऊन गेले आणि हौशीवर पोट भरायची वेळ आली. मी लायसन काढलं आणि कडबा, भाजी, शेरडं, सिमेंट, मिळेल ते भाडं मारायला लागले. भाऊजींना हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. माकडाच्या हाती कोलीत, असं पारावर बसून सगळ्यांना ऐकवायचे. शेवटी त्यांनी गाडीला गिऱ्हाईकच शोधून आणलं.

त्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात येऊन म्हणाले होते, "गिऱ्हाईक उद्या पारावर येतंय. आज लग्नाचं भाडं हाय, मी संगं येतो. आज गाडीनं दगा दिला तर उद्या किल्ली त्यांच्या हातात. मग रडायचं न्हाई."

"आणि नाही दिला तर?"

"मग बघू."

"बघू नाही, भाऊजी. मग परत हा विषय काढायचा नाही. पारावरबी न्हाई आणि घरातबी न्हाई."

ते हसले आणि "बरं" म्हणाले. बाईला दिलेला शब्द, त्यात काय एवढं, असं ते हसणं होतं. पण माझ्या दृष्टीनं शब्द झाला होता. गाडी गेली असती तर मी त्यांच्या घरात, त्यांच्या चुलीपाशी, कुणी वाढेल ते खाऊन म्हातारी झाले असते. त्यापेक्षा मला त्या घाटात गाडीसकट दरीत गेलेलं चाललं असतं.

आता लग्नाचं सांगते. आमच्या आळीतल्या संपतचं लग्न, नवरी वर पठारावरच्या जांभुळवाडीची, सारिका. नवऱ्याला हळद लागली की उरलेली उष्टी हळद नवरीकडे न्यायची, हे सगळीकडेच आहे. आमच्या खोऱ्यात ती कोरडी नेतात. जात्यावर दळलेली हळद नवऱ्याच्या अंगाला लावायची, राहील ती फडक्यात बांधायची आणि नवरीच्या दारात, तिच्या घरच्या पाण्यात कालवायची. ती अंगाला लागल्याशिवाय नवरीची आंघोळ नाही, आणि आंघोळीशिवाय बोहल्यावर चढणं नाही. लग्न संध्याकाळी गोरज मुहूर्तावर होतं.

हळद न्यायला ठरलेला जीपवाला ऐन वेळी दुसऱ्याच लग्नाला निघून गेला. लग्नसराईत दुसरी गाडी मिळेना. वऱ्हाडाच्या ट्रकला हा घाट झेपत नव्हता, तो मोठ्या रस्त्यानं वळसा घालून दिवस कलल्यावर पोचणार होता. म्हणून संपतचे वडील माझ्याकडे आले. नाहीतर विधवेच्या गाडीतून हळद कोण नेतंय?

हळदीची जबाबदारी संपतच्या आत्यांकडे, म्हणजे अनसूयाआत्यांकडे. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंड तिखट, गुडघे दुखरे. त्यांनी मला बजावलं होतं, "गाडी तू चालीव, पर हळदीच्या गठुड्याकडं वाकून बघायचंबी न्हाई." पुढं माझ्याशेजारी ऐसपैस जागा असून त्या चार सुवासिनींना आणि करवलीला, संपतच्या बहिणीला सुषमाला, घेऊन मागे हौद्यात सतरंजीवर बसल्या. मांडीत पिवळं गाठोडं. डोक्यावर ऊन तापलं होतं, पण माझ्या शेजारी नको.

निघताना गाडीला आंब्याचं तोरण बांधायला मी सुतळी घेतली, तर आत्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "शुभाच्या गाडीला तुजा हात नगं गं बाई. जयसिंग, तू बांध." भाऊजींनी बाइंडिंगची तार आणली, पुढच्या जाळीतून आरपार ओवली आणि पकडीनं चांगला पीळ दिला. "आता कितीबी हादरं बसू द्यात, सुटायचं न्हाई," म्हणाले. ते मात्र खरं झालं. तोरण शेवटपर्यंत सुटलं नाही.

गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, वाफ तोंडावर येते. म्हणून वाट बघायची होती. तेवढ्यात मी गुडघ्यावर बसून पुढच्या जाळीतून आत डोकावले. तोरणाची पानं बाजूला केली आणि बघतच राहिले. तारेची पिळलेली टोकं आत वळली होती. खड्ड्याखड्ड्याला ती रेडिएटरवर आपटत, घासत आली होती, आणि त्यातल्या एका टोकानं नळीला बारीक चीर पाडली होती. हिरवं पाणी तिथूनच येत होतं.

मी मान वर केली. भाऊजी कठड्यापाशी विडी ओढत दरीकडे तोंड करून उभे होते. तार तिथल्या तिथं त्यांच्या तोंडावर मारावी असं वाटलं. पण भांडून गळती थांबत नाही. हाताशी आलेल्या जागी पकडीनं तार तोडून ते पिळलेलं टोक बाहेर काढलं, पदराच्या शेवाला गाठ मारून त्यात ठेवलं आणि उठले. आधी गाडी.

तोवर मागच्या बायका खाली उतरल्या होत्या.

"तरी मी म्हनत हुते," आत्या सुरू झाल्या. "एक तर बिनबापाची पोरगी केली, वर ही असली गाडी. आता गं काय करायचं?"

"चालत गेलं तर?" सुषमा म्हणाली.

"जा की. मी न्हाई यायची. माझं गुडघं हितंच घाटात ठिवावं लागत्याल."

भाऊजींनी विडी विझवली. "मी खाली जाऊन ट्रॅक्टर आणतो. गाडी दोरानं बांधून परत गावात न्यायची. दुसरा इलाज न्हाई."

"आणि हळद?" आत्यांनी विचारलं.

"हळदीचं नशीब."

ट्रॅक्टर येईपर्यंत दिवस मावळला असता. हळद घाटात, नवरी पाटावर आणि मी भाऊजींच्या चुलीपाशी. मी जाळीतून पकड घालून बघितली, नळी चेपून बंद करता आली असती, पण पकडीचं तोंड तिथवर पोचेना. साबणाची वडी गाडीत असते, पण साबणानं डिझेलच्या टाकीची गळती बुजते, रेडिएटरच्या जाळीत तो बसत नाही. आणि मग मला घरचा हळदीचा डबा आठवला.

एकदा गाडी अशीच गळत होती आणि दिनकररावांनी माझा अख्खा डबा रेडिएटरात रिकामा केला होता. आठवडाभर आमटी पांढरीफटक. मी केवढी भांडले होते! ते म्हणाले होते, "अगं, हळद पाण्यासंगं फिरती, भोकाजवळ गेली की फुगून बसती. माणसाच्या जखमंला लावतीस न्हवं का? मग?"  त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी आत्यांसमोर जाऊन उभी राहिले.

"आत्या, हळद द्या."

"काय?"

"हळद. रेडिएटरात टाकते. भोक बुजंल."

आत्यांनी गाठोडं छातीशी धरलं. "नवऱ्याच्या अंगची हळद? विंजनात?"

"सगळी नको. अर्धी पुरंल."

"येडी हाईस का खुळी? ही नवरीची हाय."

"नवरीचीच आहे. पण हितं बसून नवरीला कशी लावणार? हाका मारून?"

सुषमा फिसकन हसली. आत्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं पदर तोंडात कोंबला.

"रतन, तोंड आवर," भाऊजी म्हणाले. "थोरल्या माणसासंगं बोलतीयास."

"थोरल्या माणसांनीच सांगावं मग. सगळी हळद हितं अडकवून ठेवायची, का अर्धी वेळेवर पोचवायची?"

 आत्यांनी हाताचा आडोसा करून वर सूर्याकडे बघितलं, मग खाली घाटाकडे बघितलं. एकही गाडी दिसत नव्हती. उन्हानं कुंकू वितळून त्यांच्या नाकावर आलं होतं.

"सुषमे," त्या शेवटी म्हणाल्या, "तू घाल हळद. करवली हायस. हिनं नुसतं दाखवायचं. हिचा हात नगं लागायला."

सुषमानं ओंजळ पुढे केली.

"नाही," मी म्हटलं. "मी घालणार."

"का म्हनून?"

"झाकण गरम असतंय. वाफ आली तर पोरीचं तोंड भाजंल. आणि किती घालायची, कशी घालायची, तिला काय ठावं?"

हे सगळं खरं होतं, आणि तरी ते कारण नव्हतं. झाकण मी उघडून दिलं असतं, हळद सुषमानं ओतली असती, तरी चाललं असतं. ओतणारी करवली आहे का विधवा, हे रेडिएटरला थोडंच कळतं! पण मला घालायची होती. दोन वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्या दारावरून बायका मान वळवून जात होत्या. बारशाला मी मागच्या ओळीत, ओटी भरताना मी परसात. आणि आता माझी गाडी, माझं डिझेल, माझ्या नवऱ्यानं शिकवलेली अक्कल, तेवढा हात मात्र दुसरीचा? माझं डोकं फिरलं होतं, आणि ते फिरलं होतं याचा मला अजून आनंद आहे.

"गाडी माझी आहे, आत्या. हात माझाच लागणार. पटत नसंल तर गठुडं उचला आणि चालत निघा."

 एक सुवासिनी "अगंबाई" एवढंच पुटपुटली. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग लंगडत गाडीपाशी गेल्या, गाठोडं बॉनेटवर ठेवलं आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"मी काय दिली न्हाई," त्या दरीला उद्देशून म्हणाल्या. "गाडीवर ठिवली. कुणी उचलली, मला ठावं न्हाई."

मी गाठोडं उचलून गाठ सोडली. जात्यावरची ताजी हळद, जरा भरड, वास असा की नाकातून थेट डोक्यात गेला. त्यात मनगटापर्यंत हात घातला. चमचा वापरता आला असता, तांब्या होता, सगळं होतं. मी हात घातला. मूठ भरून हळद तांब्यात टाकली, कॅनमधलं पाणी ओतलं, बोटांनीच ढवळलं. बॉनेट उचललं, झाकणावर फडकं टाकून ते हळूहळू फिरवलं. फुस्स करून उरलीसुरली वाफ गेली. मग पिवळं पाणी बारीक धारेनं आत सोडलं, गाडी चालू केली, परत मूठ, परत तांब्या. गाठोडं निम्मं झालं तेव्हा हात आखडला.

मी आणि सुषमा गाडीखाली वाकून बघत होतो. हिरवा थेंब पोपटी झाला, मग पिवळा. मग थेंब जाड झाला आणि पडायला उशीर करायला लागला. एक थेंब नळीला लोंबकळून राहिला. तो पडलाच नाही.

"थांबलं!" सुषमा ओरडली. "आत्या, थांबलं की!"

"मी कशाला बघू?" आत्या म्हणाल्या. पण बघत होत्या.

दाब चढू नये म्हणून झाकण अर्धंच आवळलं आणि निघाले. भाऊजी शेजारी बसले होते. मी पहिल्या गिअरवर गाडी चढवत होते. माझा एक डोळा काट्यावर, एक रस्त्यावर. स्टेअरिंगवर माझ्या बोटांचे पिवळे ठसे उमटत होते. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही.

जांभुळवाडीत शिरलो तेव्हा हलगी वाजत होती. मांडवात पाटावर सारिका बसली होती, भोवती बायका. आमच्या बायका उतरल्या, पाय धुणं, गुळपाणी सुरू झालं. मी कॅन उचलून पाणी मागायला घराच्या मागच्या बाजूला गेले.

मागे चुलाणावर भाताचं मोठं भांडं चढवलं होतं आणि तिथं एक बाई एकटीच लाकडं सारत बसली होती. कपाळ मोकळं, हातात काही नाही. ती सारिकाची आई आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आमच्यासारख्या बायका लग्नघरात नेहमी मागच्या अंगणातच सापडतात.

"पाणी पाहिजे होतं. गाडीला."

"घ्या की बाई, रांजण भरल्याला हाय." मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "ही कसली हळद?"

"तुमच्या सारिकाचीच."

काय झालं ते मी थोडक्यात सांगितलं. तिनं माझा हात धरला, नाकाशी नेला आणि वास घेतला.

"घरची हाय," ती म्हणाली. "बाजारची न्हाई. चांगली हाय."

"तुम्ही पुढं नाही आलात?"

"जाऊबाई लावत्यात हळद. मी पुढं येऊ नगं म्हनल्या." तिनं एक लाकूड आत सारलं. "रोजची येणीफणी माझ्याच हातची हुती. तिचं डोकं लई दुखायचं बारकी असताना, तवा रातभर चोळायची मी. आज तेवढं न्हाई. एवढंच हाय, दुसरं काय न्हाई."

 तेवढ्यात पुढून आवाज वाढला. हलगी थांबली. त्या गलक्यात माझं नाव ऐकू आलं, आणि ते भाऊजींच्या तोंडून आलं होतं.

मी कॅन घेऊन तशीच पुढे गेले. सारिकाच्या चुलतीनं गाठोडं सोडलं होतं आणि निम्मीच हळद बघून विचारलं होतं. भाऊजी सगळ्यांना समजावत होते.

"आमी न्हाईच म्हनत हुतो. पर हिचा पायगुणच तसला. चांगली गाडी, ही बसली की घाटात बसती. वर हळदीत हात घातला, ऐकंना. बघा, ती आलीच. हात बघा."

सगळ्या मांडवानं माझा हात बघितला. मी तो लपवला नाही. कॅन खाली ठेवला, पदराची गाठ सोडली आणि तारेचा तुकडा चुलतीच्या पुढ्यातल्या परातीत टाकला. टणकन वाजला.

"हा माझा पायगुण," मी म्हटलं. "तोरण बांधायला मी सुतळी घेतली हुती. माझा हात अशुभ, म्हनून तार बांधली. शुभ हातानं. तिचं टोक रेडिएटरात घुसलं. भाऊजी, ही तार तुमचीच न्हवं का? पीळ वळखा."

भाऊजींनी तारेकडे बघितलं आणि मग तिकडे बघणं सोडलं. गर्दीतून कुणीतरी खाकरलं.

पण चुलती खमकी होती. "तार कुणाची का असंना. हळद बाटली ती बाटली. ही कशी लावायची पोरीला?"

"मग नवी आणायची?" सारिकाचा चुलता हवालदिल झाला होता. "नवरा वाटेत, हळद खाली, दिवस चाललाय डोक्यावरनं खाली. काय करायचं सांगा कुणीतरी!"

सगळे अनसूयाआत्यांकडे बघायला लागले. वरपक्षाचा शब्द त्यांचा होता. त्या गुळाचा खडा चघळत बसल्या होत्या.

मी चुलतीला विचारलं, "बाटली? नक्की?"

"बाटलीच की!"

"सगळी बाटली? का थोडी ऱ्हायली?"

"सगळी!"

"मग आता तिचं आणखी काय बिघडायचं ऱ्हायलंय? मागं चुलाणापाशी ह्या पोरीची आई बसलीया. तिला बोलवा. तिच्या हातानं लावा. बाटलेल्या हळदीला आता कसलं सोवळं?"

 मांडवात चुळबुळ झाली. आणि मग पाटावरची सारिका, मुंडावळ्या बांधलेली, सकाळपासून मान खाली घालून बसलेली, उठून उभी राहिली.

"आईनं लावली तर लावून घीन," ती म्हणाली. आवाज मोठा होता. "न्हाईतर अशीच कोरडी बोहल्यावर हुभी ऱ्हाते."

"सारे, खाली बस!" चुलती ओरडली.

"न्हाई बसायची."

आत्यांनी गुळाचा खडा गिळला. गुडघ्यावर हात दाबून उठल्या. मी मनात म्हटलं, आता संपलं. आता ही म्हातारी हळद उचलेल, लग्न मोडेल, आणि सगळ्याचं खापर माझ्या डोक्यावर.

"गोरज कुणासाठी थांबत न्हाई," आत्या म्हणाल्या. "हळद आमची, नवरी आमची. आमाला चालतंय. बोलवा इहीणबाईला."

चुलती ताडकन उठून आत गेली. तिच्या मागोमाग दोघी-तिघी गेल्या. त्या लग्न लागेपर्यंत बाहेर आल्या नाहीत, आणि त्यांच्यावाचून काही अडलंही नाही.

सारिकाची आई आली ती उंबऱ्यातच थांबली. पदराला हात पुसत होती, आणि हात कोरडे झाले तरी पुसतच होती. सुषमानं तिला धरून पाटापाशी आणलं. हळद पाण्यात कालवली. तिनं बोटं बुडवली आणि तशीच उभी राहिली.

"आधी कपाळाला लावत्यात का गालाला?" तिनं हळूच मला विचारलं. "माझ्या ध्यानातच न्हाई."

मलाही आठवेना. सारिकानंच आईचा हात धरला आणि आपल्या गालावर टेकवला. मग त्या बाईनं जी हळद लावली, कपाळ, गाल, कोपरं, पावलं, बोटांच्या बेचक्या, तान्ह्या पोराला तेल लावावं तशी. कुणी गाणं म्हणत नव्हतं. हलगीवाला हलगी मांडीवर ठेवून बघत होता. मी तिथून निघाले आणि गाडीत पाणी ओतता ओतता रडले. रडले म्हणजे चांगली हुंदके देऊन रडले. रेडिएटर गळायचा थांबला होता, मी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. भाऊजी नेहमीसारखे पुढे येऊन बसले. तेवढ्यात त्यांच्या बाजूचं दार उघडून अनसूयाआत्या उभ्या राहिल्या.

"जयसिंग, मागं बस."

"आवं आत्या, मागं समद्या बायका..."

"त्या काय तुला खात्यात? बस म्हंते न्हवं."

भाऊजी उतरून हौद्यात जाऊन बसले. आत्या कण्हत-कुंथत वर चढल्या आणि लुगडं सावरून माझ्याशेजारी बसल्या. घाट सुरू झाला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"हळदीचं मला पटलं न्हाई ते न्हाईच," त्या म्हणाल्या.

"बरं."

"पर मागं बसून कंबार मोडली."

"बरं, आत्या."

कालच्या वळणावर रस्त्यावरची हिरवी रेघ वाळून पांढुरकी झाली होती. आत्यांनी ती मान वळवून बघितली, मग स्टेअरिंगवरचा माझा हात बघितला.

"हात धुतला न्हाईस अजून?"

"न्हाई."

"का गं?"

"गाडीचं गिऱ्हाईक पारावर येणार आहे आज. त्यांना दाखवायचाय."

 आत्यांनी नाकावर पुन्हा उतरलेलं कुंकू पुसलं.

पारावर ती माणसं खरंच बसली होती, आणि त्यांच्याभोवती निम्मं गाव. मी गाडी बरोब्बर त्यांच्यासमोर नेऊन उभी केली. तोरण पुढे तसंच होतं, वाळलेलं. पिवळ्या हातानं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. भाऊजी हौद्यातल्या बायकांमधून वाट काढत खाली उतरले आणि धोतर झटकत राहिले.

"भाऊजी," मी खिडकीतून म्हटलं, "दगा गाडीनं न्हाई, तारेनं दिला. आपला शब्द झालाय. सांगा त्यांना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, गावाकडे बघितलं. मग मान खाली घालून पुटपुटले, "गाडी इकायची न्हाई."

माझ्याशेजारच्या खिडकीतून अनसूयाआत्यांनी डोकं बाहेर काढलं.

"मोठ्यानं सांग रं, जयसिंग," त्या म्हणाल्या. "पारावर ऐकू गेलं न्हाई."